प्रतिसाद : जलपर्णी काढून तलाव वाचत नाही

पुणे महापालिका दरवर्षी पाषाण तलावातली जलपर्णी काढते, मग आणखी काय करायचं, असं या चर्चेत वर विचारलंय. काढायला हवीच, पण तेवढ्यावर तलाव वाचणार नाही. जलपर्णी पोसली जाते सांडपाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर, शिवाय तिचं बी गाळात वर्षानुवर्षं तग धरतं. उपसलेला ढीग काठावरच सोडला, तर तो कुजून काळं पाणी पुन्हा तलावातच झिरपतं. सुतारवाडीच्या बाजूला हे मी डोळ्यांनी पाहिलंय. गाडीभर काढायचं आणि खत तिथंच ठेवायचं, यानं जीव जळतो.

चर्चेत राहून गेलेला मुद्दा हद्दीचा. तलावात पाणी आणते रामनदी, आणि ती पाषाणला पोचण्याआधी भुकूम, भूगाव, बावधन अशी येते. २०२१ साली २३ गावं पालिकेत आली, त्यात बावधन बुद्रुक आलं. भुकूम-भूगाव बाहेरच राहिली. तिथल्या सोसायट्यांना परवानगी देते पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), गाव सांभाळते ग्रामपंचायत, आणि घाण येऊन साचते पालिकेच्या तलावात. म्हणून नुसत्या जलपर्णीच्या निविदेवर भांडण्यापेक्षा वरच्या गावांत मैलापाणी शुद्धीकरण कोण आणि कधी करणार, हे पालिका आणि पीएमआरडीए दोघांनाही एकत्र बसवून विचारूया.