फुकट पार्किंग बंद केल्याशिवाय नाशिकमधल्या गाड्या कमी होणार नाहीत

गोदाकाठ (धागाकर्ता)

रोज सकाळी साडेसातला मुलीला सोडायला सायकलवर कॉलेज रोडला जातो. शाळेच्या फाटकासमोर गाड्यांच्या दोन रांगा लागलेल्या असतात, इंजिनं सुरूच. एकेका गाडीतून एकच दप्तर उतरतं. २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पूर्ण करणारे महाजन बंधू आपल्याच गावचे, आणि इथे दहा वर्षांच्या पोरीला एकटीला सायकलवर पाठवायची माझी हिंमत होत नाही.

महापालिकेनं हवामानासाठी काय करावं म्हटलं की वृक्षारोपण आणि एलईडी दिवे पुढे येतात. गाड्यांना कुणी हात लावत नाही. इंदिरानगरहून कॉलेज रोडला रोज जाऊन-येऊन १२ किलोमीटर धरा. लिटरला १५ चं अॅव्हरेज, एका लिटर पेट्रोलमागे साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. वर्षाचे ३०० दिवस धरले तर एका माणसाच्या एका फेरीचे साडेपाचशे किलो होतात.

पालिकेच्या हातात सगळ्यात मोठी गोष्ट आहे ती जागा. उभ्या गाडीला साडेबारा चौरस मीटर लागतात आणि रस्त्यावर ती आपण फुकट देतो. तासावर पैसे घ्या, आणि तो पैसा फक्त बस आणि फूटपाथसाठी राखून ठेवा.

भांडीबाजार

माझं दुकान आहे, म्हणून स्पष्ट बोलतो. लग्नसराईत निफाड, सिन्नर, दिंडोरीहून माणसं भांडी घ्यायला येतात. पिंप, घागरी, परातींचा संच घेऊन बसमध्ये चढणार कोण? तासाला पैसे लावलेत की तो माणूस हायवेवरच्या मोठ्या दुकानात जाईल, तिथे पार्किंग फुकट असतं. म्हणजे गाडी तेवढीच पळणार, धंदा मात्र माझा जाणार.

विजेवर

पार्किंगवरून भांडण्यापेक्षा सगळ्यांनी इलेक्ट्रिक घ्या. धूरच नाही.

गोदाकाठ

@विजेवर, धूर इथे नसला तरी एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमणीतून निघतोच, तिथे कोळसाच जळतो. तरी इलेक्ट्रिक पेट्रोलपेक्षा बरी, हे मान्य. पण ती उभी राहायला तेवढीच जागा घेते, आणि द्वारका चौकात तेवढीच अडकते.

सेकंडशिफ्ट

माझ्याकडे गाडी नाही, बाईक आहे. अंबडला कंपनीत. शिफ्ट रात्री ११ ला सुटते. बस चालतात त्या ऑफिसच्या वेळा धरून, कारखान्याच्या नाही. आधी शिफ्टच्या भोंग्याला जुळतील अशा बस सोडा, मग आमच्याकडे पार्किंगचे पैसे मागा. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रो निओला, म्हणजे रबरी टायरवर धावणाऱ्या मेट्रोला, २,०९२ कोटी जाहीर झाले होते. ती अजून धावत नाही. उद्याच्या सोयीच्या भरवशावर आज आमच्या खिशात हात नको.

पाथर्डीफाटा

आईचे गुडघे गेलेत. दवाखाना घरापासून ६०० मीटरवर, तरी मी तिला गाडीतून नेते. फूटपाथवर डीपीचा बॉक्स, पुढे फरशी उखडलेली, त्याच्यापुढे बाईक लावलेल्या. मधे तिला दोनदा रस्त्यावर उतरावं लागतं. माझी ही फेरी पार्किंगच्या दरानं थांबणार नाही, ते ६०० मीटर सलग झाले तर उद्या थांबेल. ह्याला उड्डाणपुलाएवढा पैसाही लागत नाही.

गोदाकाठ

@पाथर्डीफाटा, @सेकंडशिफ्ट, क्रम माझा चुकला, मान्य करतो. स्टॉकहोममध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर २००६ च्या जानेवारीत प्रायोगिक शुल्क लागलं, पण जादा बस त्याआधी, २००५ च्या ऑगस्टमध्येच सुरू झाल्या होत्या. शुल्काच्या हद्दीतली रहदारी सुमारे २० टक्क्यांनी उतरली. आधी विरोधात असलेले लोक फरक दिसल्यावर वळले, आणि २००७ मध्ये ते कायम झालं.

पण शाळेचं फाटक त्यासाठी थांबायला नको. सकाळी पाऊण तास तेवढा रस्ता गाड्यांना बंद, मुलं दोनशे मीटर चालतील. ह्याला बसही लागत नाही. आणि सिंहस्थात पर्वणीला आपण गाड्या शहराबाहेर थांबवून लाखो माणसं एसटीनं आत आणतोच की.

भांडीबाजार

पर्वणीचं उदाहरण मला देऊ नका. २०१५ च्या पहिल्या पर्वणीला बॅरिकेड इतके लांब होते की दिवसभर दुकानात चिटपाखरू फिरकलं नाही. माणसं मैलोन् मैल चालून थकली, खरेदी कोण करणार?

शाळेच्या फाटकाला माझी हरकत नाही, नातू त्याच रांगेत असतो. बाजारपेठेचं म्हणाल तर गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, बाजूला वाहनतळ, तिथून दर दहा मिनिटांनी छोटी बस, आणि सामान गाडीपर्यंत पोचवायला हातगाडी, एवढं आधी सुरू करून दाखवा. तोवर दुकानापुढच्या पार्किंगला दर लावायला मी विरोधच करणार, आणि बाजारातले बाकीचेही करतील.

सेकंडशिफ्ट

ती दहा मिनिटांची बस रात्री ११ लाही ठेवा.