सिडनीच्या बोटॅनिक गार्डनमधे आदिवासींचा इतिहास कशाला?

माधवी_सिडनी:
इथल्या रॉयल बोटॅनिक गार्डनमधे कॅडी जॅम ओरा म्हणून एक भाग आहे, मूळच्या कॅडिगल लोकांच्या वापरातली झाडं आणि इंग्रज आले तेव्हाची त्यांची बाजू सांगणाऱ्या पाट्या. आमच्या ग्रुपात एकांनी लिहिलं, "बागेतसुद्धा हे रडगाणं?" मी म्हणते हे गेटवरच पाहिजे. १७८८ला इंग्रजांनी पहिलं शेत इथेच केलं, कॅडिगलांना न विचारता, आणि ते धड पिकलंही नाही. बाग १८१६ची म्हणून मिरवायचं, मग आधीचं काय?

निशिकांत:
ते लिहिणारा मीच. ताई, पाट्या लावून कुणाची जमीन परत मिळाली? २०२३च्या रेफरेंडममधे साठेक टक्के लोक 'नाही' म्हणाले, लोकांना या विषयाचा कंटाळा आलाय.

माधवी_सिडनी:
अहो ते घटनेत आदिवासींचं सल्लागार मंडळ घालायचं का यावर होतं, बागेतल्या पाट्यांवर नाही!

रानवेडा:
बुरावांग नावाचं झाड आहे तिकडे, बिया विषारी. १७८८ला आलेल्या इंग्रजांच्या पहिल्या ताफ्यातल्या लोकांनी तशाच खाल्ल्या आणि ओकत बसले, स्थानिक लोक मात्र त्याच बिया पाण्यात ठेवून विष उतरवून खायचे. आपल्याकडे कातकरी, ठाकर कडूकंद उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात ना, तसंच काहीसं. ही बॉटनीच झाली की निशिकांतराव, लॅटिन नाव नसलं म्हणून काय झालं.

निशिकांत:
बॉटनी सांगा ना, खुशाल सांगा. माफीनामा नको.

किरण_के:
वेगळं कसं काढणार दोन्ही? याच बागेत १८७९च्या प्रदर्शनासाठी गार्डन पॅलेस बांधला, त्यात आदिवासींच्या कितीतरी वस्तू ठेवलेल्या, १८८२च्या आगीत सगळं खाक. २०१६ला जोनाथन जोन्स या आदिवासी कलाकाराने त्याच जागी १५,००० पांढऱ्या ढाली मांडून इमारतीची हद्द दाखवली, मधोमध कांगारू गवत लावलं. माझा आक्षेप वेगळाय. माहिती ज्यांची, त्यांना मानधन मिळतं का, आणि कुठली कृती जाहीर करायची हे ते ठरवतात का? नाहीतर आपल्या रानभाजी महोत्सवासारखं, स्टेजवर पुढारी आणि भाज्या खुडून आणणाऱ्या बायका मागे कुठेतरी.

निशिकांत:
मानधनाचं पटलं, पाटीचं अजून नाही. आणि ती बुरावांगची कृती तर मुळीच लिहू नका, आपलीच मंडळी वीकेंडला घरी करून बघतील.