लॅपटॉपची बॅग : टिकलेली, फाटलेली, शिवून घेतलेली

मेधा_ठाणे

मुलीला पुण्यात नोकरी लागली. काल तिच्यासाठी बॅग बघायला बाजारात गेलो होतो. दुकानदार खिसे दाखवत होता, यूएसबीचं भोक दाखवत होता, आणि मी सवयीने बॅग आतून बाहेर काढून शिवण बघायला लागले. तो चक्रावलाच. मुलगी म्हणाली, आई, हे कुठे शिकलीस? आणि एकदम स्टेशनबाहेरचे बॅगवाले काका आठवले.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट. तेव्हाचे ऑफिसचे लॅपटॉप चार्जर धरून तीन किलोच्या घरात जायचे. लोकलमध्ये चढताना पट्टा बॅगेपासून सुटला. काकांनी आधी बॅग उलटी केली. म्हणाले, "ताई, कापड कधी पहिलं जात नाही. पट्टा बॅगेत शिरतो तिथे जातं, नाहीतर चेन जाते." पट्टा शिवणीत जेमतेम बोटभर खुपसलेला होता, वर एकच टाका. त्यांनी शिवण उसवली, निवार चांगली आतपर्यंत ओढून घेतली, चौकोनी शिवण घालून मध्ये फुली मारली. दोरा नायलॉनचा. आतल्या कापडाच्या कडा सुट्या होत्या, त्यावर पायपिंग लावून दिलं. ती बॅग पुढे कितीतरी वर्षं चालली, चेनसुद्धा तीच.

तेव्हापासून मी चार गोष्टी बघते. पट्ट्याचं मूळ, आतल्या कडा, रनर, आणि चौथी जी बहुतेक जण बघत नाहीत ती म्हणजे लॅपटॉपच्या कप्प्याचा तळ. हा तळ बॅगेच्या तळापासून दोनतीन सेंटीमीटर वर लटकलेला हवा. नाहीतर बॅग जमिनीवर ठेवली की धक्का थेट लॅपटॉपच्या कोपऱ्याला. बाहेरून फोम कितीही जाड असू दे. एक हात कप्प्यात घालायचा, दुसऱ्याने खालून दाबायचं, लगेच कळतं.

तुमचे अनुभव लिहा ना. कुठली बॅग टिकली, कशाने गेली, कोणी दुरुस्त करून दिली. मुलीची अजून घेतलेली नाही, म्हणजे सल्लेही चालतील. १४ इंची लॅपटॉप, हिंजवडी, बसने जाणार.

निशाचर

चेन बघा. चेन चांगली तर बॅग चांगली.

वैशाली_डोंबिवली

माझी फाटली वगैरे नाही, आमटीने गेली. डबा आडवा झाला, गर्दीत कळलंच नाही, कुर्ल्याला मागची बाई म्हणाली तुमच्या बॅगेतून काहीतरी गळतंय. लॅपटॉप वाचला कारण मधला पडदा तळापर्यंत शिवलेला होता. बॅग तीनदा धुतली, हिंगाचा वास जाईना. मेधाताई, मुलीला सांगा, डबा वेगळ्या पिशवीत. अभिनंदन तिचं!

अमोल_सातारा

वैशालीताई डबा कुठला होता? आमच्याकडे पण हाच त्रास चालू आहे

सह्य_फिरस्ता

लेबलावरच्या आकड्यांबद्दल लिहितो, दुकानात त्यावरूनच फसवतात.

डेनियर म्हणजे ९००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. ६०० डेनियर म्हणजे तेवढा धागा ६०० ग्रॅम भरतो. आकडा मोठा तितका धागा जाड. रोजच्या साध्या बॅगा बहुतेक ६०० डेनियर पॉलिस्टरच्या असतात आणि ऑफिसला त्या पुरतात. पण आकडा एकटा वाचू नका. त्याच जाडीचं नायलॉन घासण्याला पॉलिस्टरपेक्षा जास्त टिकतं. उन्हात मात्र पॉलिस्टर बरं, नायलॉन लवकर कमजोर होतं. '१६८० बॅलिस्टिक' लिहिलेल्या कितीतरी बॅगा पॉलिस्टरच्या असतात. मूळ बॅलिस्टिक कापड नायलॉनचं, दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या संरक्षक जाकिटांसाठी काढलेलं. म्हणून आत शिवलेली छोटी चिठ्ठी वाचा, बाहेर लटकवलेला पुठ्ठा नको.

चेनचं माप ५, ८, १० असं येतं. बंद केल्यावर दातांची पट्टी साधारण तितके मिलिमीटर रुंद. मुख्य कप्प्याला ८ किंवा १० हवी, ५ बाहेरच्या खिशाला ठीक. रनरवर वायकेके कोरलेलं असेल तर चांगलं (१९३४ साली जपानात तादाओ योशिदांनी सुरू केलेली कंपनी), पण नक्कलही भरपूर आहे. म्हणून चेन वळणावर चालवून बघा. कोपऱ्यात अडखळली तर ती बॅग नको.

निशाचर

@सह्य_फिरस्ता माझ्या एका ओळीचा विस्तार केल्याबद्दल आभार :)

रंकाळा_रहिवासी

आमच्यात चामड्याचीच. वडलांनी कोल्हापुरातनं शिवून घेतलेली कागदपत्रांची बॅग हाय, त्यात मी आतनं फोमचं पाकीट घालून लॅपटॉप नेतोय. बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेलं चामडं, आमच्या चपलांचंच. ओरखडे पडतात, रंग काळपट होतो, पण सोलत नाही. आता बाजारात रेक्झिनला लेदर म्हणून इकत्यात, दोन वर्षात पापुद्रे निघाले की माणूस म्हणतो चामडं वाईट. कापलेली कड दिसत आसंल तर बघा. चामड्याची कड तंतूतंतूची दिसते, रेक्झिनमध्ये खाली कापड आणि वर थर. वजन मात्र रिकामीचंच दीड किलो. बसनं हिंजवडीला जाणाऱ्या पोरीला नको.

कोकणातली_सरू

चामडं कोल्हापुरात ठीक, आमच्याकडे रत्नागिरीत जून ते सप्टेंबर कपाटात ठेवून बघा. हिरवं रान उगवतं.

कापडी बॅगेलाही एक रोग असतो. आतून पाण्यासाठी जो थर दिलेला असतो तो काही वर्षांनी चिकट होतो आणि त्याचा भुगा पडतो. माझ्या लॅपटॉपवर सगळीकडे कण. मला वाटलं वापरून झालं, पण बहिणीने त्याच वेळी घेतलेली जवळजवळ न वापरलेली बॅगही तशीच निघाली. पॉलियुरेथेनचा थर दमट हवेनेच हळूहळू तुटतो, वापरा नाहीतर ठेवा. म्हणून 'नवीच आहे' म्हणून कोणी जुनी बॅग दिली तर आधी आत हात फिरवून बघा.

पावसातून आल्यावर सगळ्या चेन उघडून पंख्याखाली उलटी टांगायची. कोपऱ्यात वर्तमानपत्राचे बोळे. एवढं केलं तरी पुष्कळ टिकते.

वैशाली_डोंबिवली

@अमोल_सातारा स्टीलचाच होता हो, झाकणाला क्लिपा असलेला. रबर सैल झालं होतं.

दादरचा_मुलगा

पावसाचा विषय निघालाय तर. २६ जुलै २००५, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर. मी अंधेरीहून चालत निघालो, लॅपटॉप डोक्यावर. छाती एवढं पाणी काही ठिकाणी. रात्री एका सोसायटीने जिन्यात बसू दिलं, पोहे दिले, त्या काकूंचं नावही विचारलं नाही. वॉचमनने दिलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत लॅपटॉप होता, कोरडा राहिला. बॅग पिळून काढली.

तेव्हापासून रेनकव्हरवर विसंबत नाही. ते पुढून आणि वरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच राहते. पाणी मानेवरून, पट्ट्यावरून ओघळून तिथूनच आत शिरतं, आणि लॅपटॉपचा कप्पा पाठीलाच असतो. जूनमध्ये आत एक जाड पिशवी घालून ठेवायची ती ऑक्टोबरलाच काढायची.

कोकणातली_सरू

त्या काकूंना नमस्कार _/\_

आभाळवेडी

यूएसबीच्या भोकाबद्दल कोणीच बोललं नाही. पावसात पाणी तिथूनही जातं, रबरी टोपी नीट बसत नाही. शिवाय ती वायर पॉवर बँकेला जोडलेली विसरून काही जण विमानात बॅग चेक-इनला देतात. पॉवर बँक केबिनमध्येच न्यावी लागते. १०० वॅट-तासांपर्यंत सहसा अडचण नसते, २०००० एमएएचची साधारण ७४ वॅट-तास भरते.

प्राची_फिजिओ

दवाखान्यात खांदे बघून बॅग ओळखता येते मला. एका खांद्यावरची असेल तर तो खांदा वर उचललेला, मान दुसरीकडे. मेधाताई, बसमध्ये उभं राहायचं तर दोन पट्ट्यांचीच घ्या. पट्टा खांद्यावर रुंद हवा. आणि बॅग दुकानात रिकामी घालून बघू नका, लॅपटॉप घेऊन जा, चार्जर आणि पाण्याची बाटलीसुद्धा. लॅपटॉप पाठीला चिकटून बसला पाहिजे, लांब लटकला की तेवढंच वजन जास्त ओढतं. १४ इंचाला १५.६ चा कप्पा घेतला तर तो आत डुगडुगतो.

पेठेतला_पक्या

पुण्यात दुरुस्तीला: चेन बंद होऊन मागे उघडत असेल तर पूर्ण चेन बदलू नका. दात नाही जात, रनरचा जबडा सैल होतो. पकडीने दोन्ही बाजू हलकेच दाबा, एकदम जोर लावलात तर मोडेल. नाहीच जमलं तर कुठल्याही मोचीकाकांकडे रनर बदलून मिळतो, चहा-वड्याच्या पैशात. बॅगवाला म्हणेल नवी चेन टाका, ऐकू नका.

चेन जड चालत असेल तर मेणबत्ती घासायची. तेल नको, धूळ बसते.

मंजू_झुरिच

इकडे १९९३ मध्ये फ्रायटाग बंधूंनी ट्रकच्या जुन्या ताडपत्रीच्या बॅगा शिवायला सुरुवात केली. पट्ट्याला गाडीचा सीट बेल्ट, कडेला सायकलची ट्यूब. माझ्याकडे आहे, बर्फ, पाऊस, सायकल, सगळं सोसलंय. ट्रकच्या जुन्या अक्षरांचा अर्धा तुकडा दिसतो, प्रत्येकीवर वेगळा. किंमत मात्र भारतातून येणाऱ्या नातेवाइकांना सांगत नाही.

आईला दाखवली तर म्हणाली, अगं, गावाकडे ताडपत्री पडलीय तेवढी आणते, शिवून घेऊ. आणि खरंच सांगलीत एकाने शिवून दिली. त्याची शिवण बघितली, पट्ट्याला चौकोन आणि फुली होती!

मेधा_ठाणे

किती छान लिहिताय सगळे. मंजू, सांगलीच्या बॅगेचा फोटो टाका ना.

प्राची, आज लॅपटॉप घेऊन गेलो. आवडलेली बॅग भरून घातली तर तिच्या कमरेच्याही खाली येत होती, परत ठेवली. एक बघून ठेवलीय, ८ नंबरची चेन, कप्पा तळापासून वर, आतल्या कडांवर पट्टी. भोक नाही! रंग काळा, तिला मोरपंखी हवा आहे, म्हणून घरात चर्चा चालू.

रंकाळा_रहिवासी

मोरपंखी घेऊ द्या की. पहिली नोकरी हाय पोरीची.

निशाचर

+१

अमोल_सातारा

वैशालीताई ते रबर वेगळं मिळतं का? की पूर्ण डबाच घ्यायचा? बायको विचारतेय

वैशाली_डोंबिवली

मिळतं ना. भांड्यांच्या जुन्या दुकानात विचारा, झाकण मापाला घेऊन जा. आणि धुताना रबर काढून वेगळं धुवायला सांगा, फटीत आमटी राहिली की सैल होतं ते.