मोटार रॅलीची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा चुरशीची कशामुळे राहते?

प्रश्न (कोल्हापूर): 2004 ते 2012 अशी सलग 9 वर्षे फ्रान्सचा रॅलीचालक सेबास्टियन लोएबच जगज्जेता ठरला. अशा वर्चस्वाने स्पर्धेचे आरोग्य बिघडते, असे आपणांस वाटते का?

उत्तर 1: मला संघांची कमतरता अधिक घातक वाटते. 2003 मध्ये सिट्रोएन, प्यूजो, सुबारू आणि फोर्ड असे चार तगडे संघ होते, म्हणूनच सुबारूचा चालक पेटर सोलबर्ग मोसमातील अखेरच्या वेल्स रॅलीत अवघ्या 1 गुणाने जगज्जेता झाला.

उत्तर 2: सहमत आहे, परंतु मूळ दुखणे खर्चाचे आहे. उद्यमनगरात आमच्या लेथवर मित्राच्या रॅलीकारचा हब (चाक बसवण्याचा मधला भाग) घडवताना मी पाहिले आहे, की एका दगडावर आपटलेले चाक महिन्याची कमाई गिळते. 2027 पासून गाडीच्या किमतीवर येणारी 3,45,000 युरोंची मर्यादा म्हणूनच स्वागतार्ह आहे.

प्रश्नकर्ता: खासगी संघांना तेवढे तरी परवडेल का, हीच काळजी वाटते.