कॅथलिक कॉलेजच्या भिंतीवर नाव कुणाचं?

पोटोमॅककाठ:
मुलगी अमेरिकेतल्या एका लहान कॅथलिक कॉलेजात शिकते. गेल्या शनिवारी तिथे जेवण होतं. वीसहून जास्त वर्षं विश्वस्त मंडळावर असलेल्या चौघांचा सत्कार. शाल-श्रीफळाच्या जागी काचेचा जड ठोकळा, त्यावर कोरलेलं नाव. अडीच तासांत कुणी किती दिले हे सहा वेळा ऐकलं. मंडळावर बसून त्यांनी कुठला निर्णय रेटला, कशाला आडवे गेले, हे एकदाही नाही. (कोंबडी मात्र उत्तम होती.)

कॅथलिक म्हणवणाऱ्या संस्थेनं तरी जिवंत माणसांची नावं भिंतीवर चढवू नयेत असं माझं मत. उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे त्यांच्याच शुभवर्तमानात आहे. शिवाय चढवलेलं नाव उतरवायची पाळी येते. वॉशिंग्टनच्या जॉर्जटाऊन या कॅथलिक विद्यापीठावर आलीच ना?

बावखल:
पूर्वी या कॉलेजांना देणगीदारांची एवढी गरज नव्हती, कारण शिकवणारे फादर-सिस्टर पगार घरी नेत नसत. तीच कॉलेजची ठेव. १९६७ मध्ये नोटर डेम आणि सेंट लुईस या दोन विद्यापीठांचा कारभार धर्मगुरूंच्या संघाच्या हातून प्रापंचिकांचं बहुमत असलेल्या मंडळाकडे गेला. बाकीची पाठोपाठ गेली. मग झगेवाले कमी होत गेले आणि भार आला वकील, डॉक्टर, बँकवाल्यांवर. त्यांतले बहुतेक फुकट राबतात, वर पदरचे घालतात. एका संध्याकाळी त्यांना उभं करून टाळ्या वाजवल्या तर आपल्या पोटात का दुखावं?

आणि जॉर्जटाऊनचं नीट सांगा, सगळ्यांना ठाऊक नसतं.

पोटोमॅककाठ:
सांगतो. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी (जॉर्जटाऊन चालवणारा धर्मगुरूंचा संघ) आपल्या मळ्यांवरची २७२ गुलाम माणसं लुईझियानाच्या मळेवाल्यांना विकायचा करार केला. किंमत १,१५,००० डॉलर. त्यातला काही पैसा कॉलेजचं कर्ज फेडायला गेला. सौदा जमवणारे दोघे फादर, मलेडी आणि मॅकशेरी, दोघेही कॉलेजचे अध्यक्ष होऊन गेलेले, म्हणून दोन इमारतींना त्यांची नावं. २०१५ मध्ये विद्यार्थ्यांनी धरणं धरलं तेव्हा ती उतरली. २०१७ मध्ये एका इमारतीला आयझॅक हॉकिन्सचं नाव लागलं. विक्रीच्या कागदावर पहिलं नाव त्याचं होतं.

चौथी_घंटा:
अहो, पण तुमचं उदाहरण तुमच्याच अंगावर येतंय. मलेडीनं खिशातला छदाम दिला नव्हता. त्याचं नाव लागलं ते सेवेबद्दल, कामाबद्दल, म्हणजे तुम्हाला जेवणात ऐकायचं होतं त्याबद्दलच. देणगीदाराची पाटी निदान खरं बोलते: याने पैसे दिले. ‘थोर सेवा’ लिहिलेल्या पाटीमागे काय दडलंय ते कळायला पावणेदोनशे वर्षं लागली.

पोटोमॅककाठ:
हा मुद्दा लागला. तरी कॅथरीन ड्रेक्सेलकडे बघा. फिलाडेल्फियाच्या बँकवाल्याची मुलगी, नन झाली आणि वाट्याला आलेले सुमारे दोन कोटी डॉलर काळ्या आणि मूळ अमेरिकन मुलांच्या शाळांवर घातले. न्यू ऑर्लिन्सचं झेवियर विद्यापीठ तिचं. नाव संत झेवियरचं दिलं, स्वतःचं नाही.

बावखल:
म्हणून ती झाकून राहिली का? २००० मध्ये पोपनं संत म्हणून जाहीर केलं, २०१२ पासून त्याच आवारात तिच्या नावाचं चॅपल आहे. रोमचा सत्कार चालतो, कॉलेजचा नाही?

आणि तिच्या गोष्टीतली व्यवहाराची बाजू कुणी सांगत नाही. वडिलांच्या मृत्युपत्राप्रमाणे तिला हयातीत फक्त व्याज मिळायचं. १९५५ मध्ये ती गेली, मूळ रक्कम वडिलांनी ठरवलेल्या इतर धर्मादाय संस्थांकडे गेली आणि तिच्या सिस्टरांचा झरा आटला. एकाच दात्यावर विसंबलं की असं होतं. पुढचे दाते हवेत तर आधीच्यांचे आभार चारचौघांत मानावे लागतात. आमच्या गावच्या सणाला हेच चालतं, त्यात लाजायचं काय?

धोबीतलाव:
मधला मार्ग मुंबईत आहे. सेंट झेवियर्समध्ये फादर हेरास यांनी १९२६ मध्ये इतिहास संशोधनाची संस्था काढली, तेव्हा नाव साधं होतं. ‘हेरास इन्स्टिट्यूट’ ती झाली ते १९५५ मध्ये गेल्यावर. आधी काम, मग मरण, मग पाटी.

चौथी_घंटा:
मेल्यावर पाटी लावायची म्हटल्यावर आज छप्पर कोण घालणार?

पोटोमॅककाठ, एक विचारू? मुलीची फी पूर्ण तुम्हीच भरता का?

पोटोमॅककाठ:
नाही. निम्मी शिष्यवृत्ती आहे, त्या चौघांतल्याच एकीच्या नावाची. दर नोव्हेंबरात तिला त्या बाईंना आभाराचं पत्र लिहावं लागतं, हातानं. यंदा ‘आपल्या उदारपणामुळे’ दोनदा आलं होतं. एक मीच खोडलं.