अठरा पूर्ण झाली, आता कागदांचं काय? (अनुभव धागा : ऑटिस्टिक प्रौढांचा दाखला, पेन्शन, भत्ता)

गोदाकाठ

लेकाला फेब्रुवारीत अठरा पूर्ण झाली. केक कापला, मेणबत्ती विझायच्या आधीच त्याने नेहमीसारखे कानांवर हात ठेवले, आणि दुसऱ्या आठवड्यात बँकेतल्या बाई म्हणाल्या की हे खातं आता मायनरचं राहिलं नाही, त्याची सही लागेल. सही म्हणजे काय ते समजावलं तर त्याने सहीच्या चौकटीत पंखा काढला. (चांगला काढला होता, रेग्युलेटरसकट.)

तिथपासून सुरू झालंय सगळं. लहानपणीचा दाखला तात्पुरता होता, मुदत संपली, म्हणजे परत सरकारी दवाखान्यातलं मेडिकल बोर्ड. तर आधी माझाच अनुभव लिहिते.

सकाळी साडेआठला नंबर लावला, आत जायला दीड वाजला. घरी एवढ्या वेळात त्याने तीनदा डोकं आपटलं असतं पण त्या दिवशी मेला शहाण्यासारखा बसून राहिला. डॉक्टरांनी नाव विचारलं, सांगितलं. शाळा विचारली, सांगितली. "छान बोलतो की हो!" आता छान बोलतो म्हणजे ती तीन वाक्यं पाठ आहेत हो त्याची, चौथं विचारून बघा. मग ते 'इसा', म्हणजे ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी, चाळीस मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच मार्क, बेरीज सत्तरच्या खाली गेली की ऑटिझम नाहीच. म्हणजे आयुष्यात पहिल्यांदा असा पेपर की ज्यात पोराला जास्त मार्क पडावेत म्हणून आई देव पाण्यात घालून बसलीये आणि जास्त मार्क म्हणजे जास्त वाईट. चाळीस मुद्दे बारा मिनिटांत उरकले. तो शेजारी बसलेला आणि मी सांगतेय, बटणं लावता येत नाहीत, पैसे कळत नाहीत, रस्ता एकटा ओलांडत नाही, कधीकधी अंगावर येतो.

रात्री अंथरुणात तो, माझ्याच आवाजात, माझ्याच हेलात, "बटणं लावता येत नाहीत. बटणं लावता येत नाहीत." अकरा वाजेपर्यंत.

दाखल्यावर अपंगत्व सत्तर टक्के आलं, पिवळं यूडीआयडी कार्डही (दिव्यांगांचं ओळखपत्र) आलं. पुढे कायदेशीर पालकत्व, पेन्शन, काय काय ऐकतेय. कुणाला काय मिळालं, किती खेपा पडल्या आणि तिथे काय बोलावं लागलं ते लिहा. जीआर चिकटवू नका, ते ढीगभर आहेत माझ्याकडे.

डबलबेल

मी एसटीत कंडक्टर होतो, रिटायर होऊन सहा वर्षं झाली. मुलगा २७ चा, बोलत नाही. त्याला संजय गांधी निराधारमधून पैसे येतात. आधी हजार होते, २०२३ पासून दीड हजार झाले आणि २०२५ च्या ऑक्टोबरपासून दिव्यांगांना अडीच हजार केलेत. खेपा विचाराल तर तहसीलला सात.

अट अशी की दिव्यांग असेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न ५० हजाराच्या आत पाहिजे. ऐकून लोक हसतात, एवढ्यात कोणाचं घर चालतं? पण आमची पीएफची पेन्शन महिन्याला तीन हजाराच्या आत आहे, तेव्हा आम्ही बसलो. चौतीस वर्षं घंटी मारली त्याचा हा एक फायदा झाला म्हणा. शेजारचा एकजण बँकेत शिपाई, त्याची मुलगी आमच्या पोरापेक्षा जास्त त्रासात आहे, पण तिला एक रुपया नाही. मुलगी चोवीस वर्षांची, तिचं स्वतःचं उत्पन्न शून्य, पण कागदावर ती बापाच्या पगारात मोजली जाते. हे मला अजून पटलेलं नाही.

खरी अडचण आली आधारला. पैसे थेट खात्यात येतात, त्याला आधार जोडलेलं पाहिजे आणि पोरगं मशीनवर बोट ठेवेना. थंड काच लागली की हात मागे. ऑपरेटर कंटाळला, मागची लाईन ओरडायला लागली. शेवटी मी त्याच्या कानाशी "टिंग टिंग" केलं. लहानपणी माझ्या गाडीत पुढच्या सीटवर बसायचा, डबल बेल म्हणजे गाडी सुटली हे त्याला पक्कं ठाऊक. बोट ठेवलं गड्यानं. दहाच्या दहा.

आणि एसटीत ४० टक्क्यांच्या वर ७५ टक्के सवलत आहे, ६५ च्या वर असेल तर सोबतच्या माणसाला अर्धं तिकीट. कंडक्टर हुज्जत घालत असेल तर कार्ड दाखवा आणि शांत राहा, आम्हालाही वरून बोलणी असतात.

पणजीकर

गोव्यात दयानंद सामाजिक सुरक्षा योजना आहे, भावाला त्यातून दर महिन्याला मिळतं. दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा असतो, एकदा आई आजारी पडली आणि तो राहिला, लगेच पैसे बंद. परत चालू करायला गेलो तर भावाला समोर उभा करून विचारलं, हा जिवंत आहे याचा पुरावा? तो तेव्हा काउंटरवरची घंटा वाजवत होता.

टोचणारा टॅग

मी 'पाल्य' नाही, मी स्वतःच ऑटिस्टिक आहे, वय ३३. दोन वर्षांपूर्वी कळलं. तोवर नुसता 'तिरसट' होतो. सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये होतो, ऑफिस ओपन प्लॅन झालं, सहा महिन्यांत मी कोसळलो आणि नोकरी गेली. (तो 'स्वमग्न' शब्द मला आवडत नाही, स्वतःत मग्न असतो तर किती बरं झालं असतं, मी ट्यूबलाइटच्या आवाजात मग्न असतो.)

माझ्या बोर्डाला विचारलं, लग्न झालंय का? झालंय. गाडी चालवता? चालवतो. मग? त्या 'मग'ला उत्तर काय देणार. मी नजरेला नजर भिडवून, हसून, नीट वाक्यात बोलत होतो कारण तेहतीस वर्षं तेवढंच शिकलोय, आणि त्या अर्ध्या तासाची भरपाई म्हणून घरी जाऊन दोन दिवस अंधारात पडून होतो. ते दोन दिवस बोर्डाला दिसत नाहीत. पहिल्यांदा परत पाठवलं. दुसऱ्यांदा बायकोने दोन पानं टाइप करून दिली, एका साध्या मंगळवारी सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय होतं तेवढंच. किती वाजता उठलो, जेवण कोणी आठवण करून दिल्यावर घेतलं का, फोन वाजला तर काय केलं. विशेषण एकही नाही. त्यावर काम झालं, ५० टक्के.

५० टक्क्यांचं करायचं काय हा पुढचा प्रश्न. सरकारी नोकरीत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण, त्यातल्या एका टक्क्यात ऑटिझम, बौद्धिक अक्षमता, लर्निंग डिसॅबिलिटी, मानसिक आजार आणि बहुविकलांग, सगळे एकाच बाकावर. बेरोजगार भत्त्याबद्दल सांगायचं तर २०१६ च्या कायद्यात कलम २४ मध्ये चक्क लिहिलंय की विशेष रोजगार केंद्रात दोन वर्षांहून जास्त नाव नोंदवून काम मिळालं नाही तर भत्ता. मी वाचून उडालो. मग त्याच कलमाची सुरुवात वाचली, सरकारने हे 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' करायचंय. खिडकीवर विचारलं तर तिथल्या माणसाने शेजारच्याला बोलावून माझा प्रश्न परत विचारायला लावला, दोघांची करमणूक झाली.

@गोदाकाठ, एक सांगू का, रागावू नका. त्याच्यासमोर बोलू नका. लिहून न्या. त्याला सगळं कळतं, फक्त उत्तर देता येत नाही. माझ्याबद्दल माझ्यासमोर बोललेलं मला पहिलीतलंसुद्धा आठवतं, कोणत्या रंगाचा पडदा होता तेसुद्धा.

गोदाकाठ

रागावले नाही. दोनदा वाचलं.

चाकण रोड

बेरोजगारीचं खरोखर मिळालेलं एक उदाहरण आमच्याकडे आहे म्हणून लिहिते. मुलगा २४, एका कारखान्यात पॅकिंगला होता, तीन वर्षं. कामाला एक नंबर, खोक्यात अठ्ठावीस नग म्हणजे अठ्ठावीसच, सुपरवायझर त्याच्याकडून बाकीच्यांची खोकी मोजून घ्यायचा. मग कंपनीने ती लाईनच बंद केली, कॉन्ट्रॅक्टवरच्यांना घरी बसवलं.

त्याचं ईएसआय (कामगार विमा) कापलं जायचं. (पगाराची मर्यादा एरवी २१ हजार आहे, दिव्यांगांना २५ हजार.) ईएसआयसीची अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना म्हणून आहे, नोकरी गेली की सरासरी रोजंदारीच्या निम्मे पैसे, जास्तीत जास्त ९० दिवस, आणि आयुष्यात एकदाच. नोकरी जाऊन महिना झाला की क्लेम करायचा, तो ऑनलाइन केला, आधार आणि बँक पासबुक लागलं. आले पैसे. दिव्यांग म्हणून नाही हं, कामगार म्हणून आले. त्याच्या बाबांना या गोष्टीचं फार अप्रूप वाटलं, पासबुकाची एंट्री त्यांनी शेजाऱ्यांना दाखवली.

पैशाचं निभावलं, पण पोराचं काय करायचं? तो रोज पावणेसातला डबा घेऊन दारात उभा. कंपनी बंद झाली हे कळतंय पण सोमवार आहे आणि बस यायचीये हे त्याहून जास्त कळतंय. चार महिने मी त्याला स्टॉपपर्यंत नेऊन परत आणलं.

लेस्टरवाली

इकडचं लिहू का? तुम्हाला वाटेल तिकडे काय बाबा सगळं सोपं. इथे इंग्लंडात पिप म्हणून दिव्यांगांचा सरकारी भत्ता आहे, उत्पन्नाशी संबंध नाही, आईबाप कितीही कमवोत, हे तेवढं खरंच चांगलं. आजाराच्या नावावर काही मिळत नाही, रोजची कामं कशी जमतात त्यावर गुण. बारा कामं, त्यातली दहा रोजच्या जगण्याची आणि दोन बाहेर फिरण्याची. आठ गुणांना साधा दर, बाराला वरचा.

माझा मुलगा २२ चा, फॉर्ममध्ये मी आपल्या सवयीने लिहिलं, स्वयंपाक : करतो. करतोच ना, मॅगी करतो! मी शेजारी उभी राहून गॅस बंद कर, गॅस बंद कर म्हणत असते ते लिहिलंच नाही कारण आपल्याकडे पोराचं उणं चारचौघांत सांगत नाहीत. आले चार गुण. फेरविचार मागायला महिना असतो, मागितला, तेच चार. मग ट्रिब्युनल, म्हणजे अपिलाचं न्यायपीठ. त्याआधी एका सल्ला केंद्रातल्या म्हाताऱ्या बाईंनी मला टेबलाशी बसवून प्रत्येक कामापुढे चारच प्रश्न विचारले : धोका न होता करतो का, नीट करतो का, पुन्हापुन्हा करू शकतो का, वाजवी वेळात करतो का. त्यांचा नियमच आहे तो, मला माहीत नव्हता. मॅगी चारातल्या तीन प्रश्नांवर नापास झाली.

ट्रिब्युनलने रोजच्या जगण्याचा वरचा दर दिला, २०२५-२६ साठी तो आठवड्याला ११० पौंड ४० पेन्स होता. निकाल ऐकून मी बाहेर येऊन रडले, आणि आनंदाने नाही. फोनवर सासूबाई म्हणाल्या, अगं पण तो तर हुशार आहे.

(व्हिसावर असाल आणि कागदावर 'नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स', म्हणजे सरकारी मदत घेता येणार नाही, असं असेल तर अर्ज करू नका, व्हिसाच अडचणीत येतो. आमचं नागरिकत्व झालं होतं.)

निवृत्त टपाल

केंद्र सरकारी पेन्शनर आहे. सर्वांनी आपल्या हयातीत हे काम करावे अशी विनंती. अपंगत्वामुळे स्वतःची उपजीविका करू न शकणाऱ्या अपत्यास २५ वर्षांनंतरही तहहयात फॅमिली पेन्शन मिळते. २०२१ मध्ये त्याच्या उत्पन्नाची अटही सैल केली आहे. मुलीचे नाव पीपीओमध्ये (पेन्शनच्या आदेशात) आताच चढवून घ्या, तुमच्या पश्चात ती ऑफिसात जाऊन सांगणार आहे का? मी दीड वर्ष पत्रे पाठवली, रजिस्टर पोस्टाने. आयुष्यभर इतरांची पोचपावती फाडली, शेवटी माझी एक आली.

पालकत्वासाठी नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली (१९९९) स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा, अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, कोर्टात जावे लागत नाही. पालक नेमले गेल्यावर सहा महिन्यांत पाल्याच्या मालमत्तेची यादी आणि पुढे दर वर्षी हिशेब द्यावा लागतो. निरामय आरोग्य विमाही काढा, वर्षाला एक लाखापर्यंत, आधी मेडिकल तपासणी नाही. बिले मात्र जपून ठेवावीत, झेरॉक्ससह.

गोदाकाठ

काका, झेरॉक्सचं दुकानच टाकते आता.

अपडेट देते. पालकत्वाची सुनावणी परवा झाली. टॅगने सांगितल्याप्रमाणे एका मंगळवारचं पान टाइप करून नेलं आणि लेस्टरवालीचे चार प्रश्न घेऊन बटणांचं परत लिहिलं : शर्टाची वरची दोन लावतो, वीस मिनिटं लागतात, घाई केली की शर्ट फाडतो. पान टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, साहेब, हे वाचून घ्या, मी त्याच्यासमोर बोलणार नाही. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे, आणि गप वाचलं. दोन प्रश्न विचारले ते चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवले, मी खाली उत्तर लिहून परत सरकवली. तो वर बघत होता.

रात्री अंथरुणात, "हे वाचून घ्या साहेब. हे वाचून घ्या साहेब." साडेनऊला झोपला.