मदत हवी आहे: अप्पांच्या मेंदूच्या रक्तवाहिनीत ७५ टक्के ब्लॉक, स्टेंट टाकावा का?

नमस्कार मंडळी,

दोन दिवसांत होय-नाही सांगायचं आहे, म्हणून घाईत लिहितेय. आम्ही सांगलीचे. अप्पा, वय ६४, मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी आहेत. तीन आठवड्यांपूर्वी काटापट्टी लिहिताना त्यांच्या हातातलं पेन गळून पडलं. उचललं, परत पडलं. हमालाने काय झालं विचारलं तर बोलणं जड, शब्द तोंडातल्या तोंडात. दहा मिनिटांत सगळं पूर्ववत. ती पट्टी मी ठेवून दिलीय. हळदीच्या वाणाचं नाव 'राजापुरी' अगदी वळणदार आहे, पुढचा वजनाचा आकडा मात्र नुसती रेघ होऊन कागदाच्या खाली गेलाय.

त्या दिवशी ज्यांना दाखवलं त्यांनी पित्त म्हणून गोळ्या दिल्या. नऊ दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी अर्धा तास. मग मिरजेला नेलं. एमआरआय आणि अँजिओग्राफीत मेंदूच्या डाव्या बाजूची मधली मुख्य धमनी ७५ टक्के अरुंद निघाली. बीपी १७०/१००, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल १४८, साखर नॉर्मल. तंबाखू तीस वर्षांची.

एक डॉक्टर म्हणतात याच आठवड्यात स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, टाकू. पुण्याला रिपोर्ट दाखवले तर ते म्हणाले, आधी तीन महिने गोळ्या कडक पाळा. घरात दोन तट पडलेत. भावोजी म्हणतात, "मामांच्या हृदयात स्टेंट टाकला, आठ दिवसांत रानात गेले, मग इथं कसली भीती?"

पुण्याच्या डॉक्टरांनी ते समजावलं होतं. मेंदूतली धमनी हृदयातल्यापेक्षा पातळ भिंतीची. तिच्यापासून केसासारख्या बारीक फांद्या मेंदूच्या आत जातात. स्टेंट बसवताना धमनीत फुगा फुगवतात, तेव्हा चरबीचा थर बाजूला सरकून त्या फांद्यांच्या तोंडाशी बसू शकतो, आणि मग उपचारानेच लकवा. २०११ साली अमेरिकेत ४५१ रुग्णांवरच्या अभ्यासात स्टेंट घेतलेल्यांपैकी १४.७ टक्के लोकांना तीस दिवसांत स्ट्रोक किंवा मृत्यू आला. फक्त गोळ्या आणि पथ्यावर असलेल्यांत ५.८ टक्के. नवीन रुग्ण घेणं मधेच थांबवावं लागलं. चीनमधल्या २०२२ च्या अभ्यासात रुग्ण आणि डॉक्टर जास्त निवडून घेतले होते, तरी वर्षभरात दोन्ही गट जवळपास सारखेच: स्ट्रोक किंवा मृत्यू स्टेंटवाल्यांत ८ टक्के, गोळ्यांवाल्यांत ७.२ टक्के.

हे वाचून मला गोळ्यांकडे ओढ वाटते. पण रात्री अप्पांच्या खोलीतून काही आवाज आला नाही तरी मी उठून बघते, आवाज आला तरी उठते. तीन महिने असे काढायचे? ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी कृपया लिहा. गोळ्यांवर कोण राहिलं, आणि पुन्हा झटका आला का?

प्रतिसाद

ताई, माझ्या आईला हेच होतं, साताऱ्यात उपचार केले. एकच विचारतो: दुसरा झटका आला तेव्हा अप्पा रक्त पातळ करणाऱ्या ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल किंवा कोलेस्टेरॉल कमी करणारं स्टॅटिन यातलं काही घेत होते का? यावर सगळं ठरतं. २०१२ साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेने, असा स्टेंट कुणासाठी ते आवळून लिहिलं: गोळ्या नीट चालू असूनही दोन किंवा जास्त स्ट्रोक झालेले, ब्लॉक ७० ते ९९ टक्के, शेवटच्या स्ट्रोकला सात दिवस उलटलेले. आईला रक्त पातळ करणाऱ्या दोन्ही गोळ्या तीन महिने, मग एकच. बीपी १४० च्या आत, एलडीएल ७० च्या आत. चार वर्षं झाली, पुन्हा काही नाही. तंबाखू मात्र आजच बंद. आणि परत हात किंवा जीभ जड झाली तर दहा मिनिटं वाट बघू नका. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात.

धागाकर्ती

दादा, नाही. तेव्हा फक्त पित्ताच्या गोळ्या होत्या. रक्त पातळ करायच्या गोळ्या मिरजेत सुरू झाल्या, आज बारावा दिवस, आणि या बारा दिवसांत एकदाही झालं नाही. आमच्यातल्या कुणी हा हिशेब मांडलाच नव्हता. उद्या दोन्ही डॉक्टरांना हाच प्रश्न विचारते, भावोजींना सोबत घेऊन. तंबाखूची डबी आत्ताच अप्पांकडून मागून घेतली. काही न बोलता दिली त्यांनी.